पाच वर्षांनी कुठे असाल? खरं सांगायचं की त्यांना आवडेल ते?

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली चार पत्रं एकाच प्रश्नाशी येऊन थांबलीयेत. इंटरव्ह्यूत पुढचं विचारतात, पुढे काय करणार, किती दिवस राहणार, लग्न, मूल, परदेश, आणि तेव्हा खरं सांगावं का. मी २३ वर्षं फॅक्टऱ्यांच्या एचआरमधे काढली, बरीचशी चाकण-रांजणगाव भागात, आणि हा प्रश्न मी स्वतः कित्येक जणांना विचारलाय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय ऐकू येतं ते मला माहितीये. म्हणून आज बाकीची पत्रं बाजूला ठेवून फक्त हीच घेते.

ताई नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला, वय २८. बीएस्सी झाल्यावर पुण्यात येऊन साडेचार वर्षं एमपीएससी केली, पेठेत कॉट बेसिसवर राहून. दोनदा पूर्व निघाली, मुख्यला राहिलो. आता घरून पैसे मागवायला नको वाटतं म्हणून जॉब बघतोय. तीन इंटरव्ह्यू झाले, तिन्हीकडे विचारलं पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता. पहिल्या दोन ठिकाणी खरं सांगितलं की एमपीएससी चालू आहे, तोपर्यंत जॉब करायचाय. परत फोन आला नाही. रूममेट म्हणाला येड्या असं सांगतात का, सांगायचं तुमच्याच कंपनीत टीम लीडर झालेलो दिसतो. तिसरीकडे तसं सांगितलं पण बोलताना मीच अडखळलो, सरांना पण कळलं. आता चाकणच्या एका प्लान्टमधे स्टोअर असिस्टंटसाठी बोलावलंय. खरं बोललं तर जॉब जातो, खोटं मला जमत नाही. काय करू?

अरे, खोटं जमत नाही ही चांगली गोष्ट आहे, ती बदलायच्या मागे लागू नकोस. पण तुझं खरं उत्तर पण परत एकदा वाचून बघ. "एमपीएससी चालू आहे, तोपर्यंत जॉब करायचाय." यातून समोरच्याला एवढंच कळतं की हा उद्या पण जाऊ शकतो आणि दोन वर्षांनी पण, आणि इथे असताना काम मनापासून करेल का ते माहीत नाही. तू खरं बोललास पण अर्धंच बोललास, म्हणजे जाण्याबद्दलचं सांगितलंस आणि राहण्याबद्दलचं राहून गेलं.

स्टोअरचं काम बाहेरून सोपं दिसतं म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या उत्तराचा धागा तिथेच आहे. गेटवर गाडी आली की चलन आणि पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर ताडून बघायचा, माल मोजून घ्यायचा, क्वालिटीवाल्याला सॅम्पल द्यायचं, त्याने ओके केलं की सिस्टिममधे जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद करायची, मग माल रॅकला लावून बिनच्या म्हणजे कप्प्याच्या कार्डावर एंट्री करायची, आणि लाइनला देताना आधी आलेला माल आधी द्यायचा. एक एंट्री चुकली की सिस्टिममधे ४०० बोल्ट दिसतात आणि बिनमधे ४० निघतात, लाइन थांबते आणि मग सगळे स्टोअरवर धावून येतात. हे सगळं हाताला बसायला नव्या मुलाला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे कंपनी सहा महिने शिकवते आणि त्यानंतर तो मुलगा खरा उपयोगी पडायला लागतो, आणि नेमका सातव्या महिन्यात तो गेला तर सगळं पहिल्यापासून. पाच वर्षांचा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात निम्म्या वेळा एवढाच हिशोब असतो, हा किती महिने हाताशी राहील. तुझं अख्खं आयुष्य त्याला ऐकायचं नसतं.

मला एक मुलगा आठवतो, बीडकडचा, याच पोस्टसाठी आलेला. त्या दिवशी त्याच्या आधी जेवढे आले ते सगळे पाच वर्षांत मॅनेजर होणार होते. हा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मॅडम पाच वर्षांचं नाही सांगता येणार. बहिणीचं लग्न होईपर्यंत म्हणजे दोन वर्षं मी कुठे हलत नाही. त्यानंतर गावाकडे जमलं तर जाईन, पण माझ्या जागी येईल त्याला शिकवल्याशिवाय जाणार नाही." घेतला आम्ही त्याला. तीन वर्षं राहिला, आणि जाताना एक २०० पानी वही ठेवून गेला, त्यात कुठल्या व्हेंडरच्या चलनावर पीओ नंबर नसतो, कुठल्या पार्टचा खोका दिसायला सारखाच पण आत नग कमी, कुठला ट्रान्सपोर्टवाला शनिवारी संध्याकाळीच गाडी आणतो असं सगळं लिहिलेलं. ती वही नंतर कितीतरी वर्षं स्टोअरच्या टेबलावर होती. म्हणून मी म्हणते की दोन वर्षं असं खरं सांगणारा माणूस मला पाच वर्षं असं पाठ करून आलेल्यापेक्षा केव्हाही चालला असता, आणि असा विचार करणारी मी एकटी नव्हते.

आता तुझं. इंटरव्ह्यूच्या आधी तुला स्वतःशी एक गोष्ट पक्की करावी लागेल, आणि खरं अवघड तेच आहे. तू अजून किती वेळा परीक्षेला बसणारेस? यूपीएससीत ओपनच्या मुलाला ३२ वर्षं वय आणि सहा अटेम्प्ट, तिथे आयोगच तुला थांबवतो. एमपीएससीत ओपनला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वय चालतं, म्हणजे तू ठरवलं नाहीस तर अजून दहा वर्षं तरी तुला कोणी थांबवणार नाही. त्यात राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झालीये, नऊ पेपर, १७५० मार्क आणि वर २७५ ची मुलाखत, म्हणजे २०२३ मधे जो लगेच लागू करू नका म्हणून पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि जे मग २०२५ वर ढकललं गेलं तोच पॅटर्न. तुझी साडेचार वर्षांतली बरीच तयारी पर्याय निवडायची आहे. आता पानंच्या पानं लिहायची सवय करायची, ती पण शिफ्ट करून आल्यावर. होणारच नाही असं मी म्हणत नाहीये, नोकरी करून पास झालेली मुलं मी पाहिलीयेत. पण एक अटेम्प्ट की दोन, आणि कुठल्या तारखेनंतर पुस्तकं बांधून ठेवायची, हे वहीत लिहून काढ आणि घरी पण सांग. वडिलांना सांगणं इंटरव्ह्यूपेक्षा जड जाईल, तरी सांग.

ते एकदा ठरलं की उत्तर आपोआप सरळ होतं. साधारण असं म्हण, तुझ्या शब्दात: "सर, मी साडेचार वर्षं स्पर्धा परीक्षा केली, दोनदा मुख्यपर्यंत गेलो. अजून एक अटेम्प्ट देणार आहे, तो माझ्या रजेत देईन, कामावर परिणाम होऊ देणार नाही. पुढची दोन वर्षं मी इथे आहे असं धरा. या काळात मला स्टोअर आणि इन्व्हेंटरीचं काम नीट शिकायचंय, सिस्टिमवर हात बसवायचाय, आणि परीक्षा नाही झाली तर याच लाइनमधे पुढे जायचंय." आणि त्यांनी विचारलं की झालास पास तर, तर सांग की जाईन. पण हे पण सांग की जाहिरातीपासून नियुक्ती हातात पडेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं, त्यामुळे मी रातोरात गायब होणार नाही, तुम्हाला आधी कळेल आणि मी हँडओव्हर देऊन जाईन. हे चाकणवाल्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, त्यांना वाटतं निकाल लागला की दुसऱ्या दिवशी मुलगा कलेक्टर ऑफिसात.

दोन वर्षं म्हणालास तर मात्र दोन वर्षं राहायचं, मधे दोन हजार जास्त देणारी शेजारची कंपनी आली तरी. नाहीतर मग एक वर्षच म्हण.

एवढं करूनही ते नाही म्हणू शकतात. काही ठिकाणी दीर्घकाळ टिकणाराच माणूस हवा असतो आणि तो त्यांचा हक्क आहे. त्या जागी तू खोटं सांगून शिरला असतास तर परीक्षेची रजा मागताना दरवेळी आजी आजारी पाडावी लागली असती. आणि त्या साडेचार वर्षांची गॅप सीव्हीत झाकू नकोस, "घरचा बिझनेस" वगैरे लिहू नकोस, स्टोअरचा इनचार्ज दोन प्रश्नात ओळखतो. सरळ स्पर्धा परीक्षेची तयारी असं लिही, आपल्याकडे कुठल्या घरात कोणी ना कोणी ती केलेली नाही? हां, आणि प्रश्न इंग्रजीत आला तर मराठीत उत्तर देऊ का असं विचारलंस तरी चालतं, शॉप फ्लोअरच्या पोस्टला बहुतेक जण हो म्हणतात.

ताई, मी नाशिकची, वय ३०, एमकॉम, अकाउंट्समधे सहा वर्षांचा अनुभव. लग्नाला दोन वर्षं झाली. इंटरव्ह्यूत जीएसटी आणि टॅलीचं पाच मिनिटं विचारतात आणि मग विषय येतो घरी कोण कोण असतं, पुढचं काय प्लॅनिंग. आम्ही खरंच येत्या वर्षात मुलाचा विचार करतोय. सांगितलं नाही तर मी फसवते आहे असं सारखं वाटतं.

नाही ग, तू कोणाला फसवत नाहीयेस. वरच्या मुलाला मी खरं सांग म्हटलं आणि तुला वेगळं सांगतीये असं वाटेल, पण फरक आहे. त्याची परीक्षा हा त्याच्या करिअरचा भाग आहे. तुझं गरोदर राहणं हा तुझ्या आणि नवऱ्याच्या घरातला विषय आहे, आणि न सांगणं वेगळं, खोटं सांगणं वेगळं. "आम्हाला मूल नकोच आहे" असं सांगू नकोस, त्याची गरजच नाही.

मला इथे एक कबूल करायचंय. हा प्रश्न मी पण विचारलाय, सुरुवातीच्या वर्षांत, कितीतरी मुलींना. साहेब म्हणायचे विचारून घ्या, मी विचारायचे. एका मुलीने मला शांतपणे उलट विचारलं होतं की मॅडम, माझ्या आधी जो मुलगा आत होता त्याला हे विचारलंत का? विचारलं नव्हतं. त्या मुलीचा चेहरा अजून माझ्या डोळ्यासमोर आहे आणि तेव्हापासून मी तो प्रश्न बंद केला, माझ्या हाताखालच्यांना पण विचारू दिला नाही.

आपल्या देशात हा लढा जुना आहे. एअर इंडियात एअर होस्टेस पहिल्यांदा गरोदर राहिली की नोकरी संपायची असा नियम होता, तो सुप्रीम कोर्टाने १९८१ मधे रद्द केला. मग १९९१ ची नीरा माथूर यांची केस. एलआयसीच्या फॉर्ममधे बायकांना पाळीच्या तारखा आणि गरोदरपणाबद्दलची माहिती भरायला लागायची. त्यांनी खरी भरली नाही म्हणून प्रोबेशनवर असताना काढून टाकलं, कोर्टाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि असले कॉलम बाईच्या लज्जेला धक्का लावणारे आहेत, ते काढून टाका असं एलआयसीला सुनावलं. तेव्हा ३० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी जे कोर्टाने फॉर्ममधून काढलं ते आज एसी केबिनमधे चहा पिताना विचारतात.

तुझ्या उपयोगाचं सांगायचं तर १० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसमधे पगारी प्रसूती रजा मिळते, २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, आणि त्यासाठी डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यात तिथे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. रुजू व्हायची तारीख ठरवताना हे ८० दिवस डोक्यात ठेव. आणि दहा माणसं नसलेल्या छोट्या सीए ऑफिसमधे जाणार असशील तर आधी विचार कर, तिथे हा आधार मिळणार नाही.

विचारलंच तर एवढं म्हण, "घरचं आम्ही घरी बघतो सर, कामाच्या बाजूने सांगायचं तर मला पुढच्या तीन-चार वर्षात फायनलायझेशन आणि ऑडिट स्वतंत्रपणे सांभाळायचंय." हे खरं आहे ना? बाळ झालं तरी हे खरंच राहणार आहे. आवाज न चढवता म्हण, आणि लगेच मार्च एंडिंगच्या कामावर ये. बहुतेक माणसं ओशाळतात आणि पुढे जातात, आणि जे तरीही तोच विषय लावून धरतात तिथे रजा मागताना काय होईल ते तुला तिथल्या तिथे कळलं.

मॅडम, आम्ही कोल्हापूरचे. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला दोन वर्षांनी जर्मनीला एमएसला जायचंय, तोपर्यंत नोकरी करून पैसे जमवायचे म्हणते. कॅम्पसला एक कंपनी आलीये पण त्यांचा तीन वर्षांचा बाँड आहे. मी म्हणतो आत्ता कशाला सांगतेस, नंतर बघू. ती ऐकत नाही. कोण बरोबर?

तुमची मुलगी बरोबर आहे, काका.

बाँडला कोण विचारतंय असं आपण म्हणतो, पण २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या केसमधे तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायचे ही अट योग्य ठरवली. प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बाँड कोर्टात टिकेल असं नाही, तरी नंतर बघू म्हणून सही करायचे दिवस राहिले नाहीत. आणि तुमच्याच हिशोबाने बघा, जर्मनीला जायचं तर ब्लॉक्ड अकाउंटलाच, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ते जमवायला नोकरी करायची आणि त्यातलेच पैसे बाँडला भरायचे?

दुसरं, पुष्कळ कॉलेजात एका मुलाला एकच ऑफर असं असतं. जिथे तीन वर्षं थांबायचंच नाही ती जागा तिने अडवली तर तिच्या वर्गातल्या कोणाची तरी जाते. बाँड नसलेली किंवा कमी मुदतीची कंपनी येईपर्यंत तिला थांबू द्या आणि तिथे तिला म्हणू द्या की दोन वर्षं काम करणार, नंतर याच विषयात पुढे शिकायचा विचार आहे. शिकायची इच्छा ऐकून तोंड फिरवणाऱ्या कंपन्या आहेत, तशा खूश होणाऱ्या पण आहेत. एपीएस सर्टिफिकेटचं, म्हणजे जर्मनीसाठी शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याचं काम तेवढं वेळेत करून घ्या, ते झाल्याशिवाय पुढची गाडी हलत नाही.

नमस्कार. वय ४४, भोसरीत व्हीएमसी सेटर आहे, म्हणजे धातू कापायची कॉम्प्युटरवरची मशीन कामाला लावून देतो, १९ वर्षं झाली. कंपनी बंद होतीये म्हणून दुसरीकडे इंटरव्ह्यू देतोय. सगळे विचारतात पुढचं ध्येय काय. मला सुपरवायझर व्हायचं नाही, माणसं सांभाळणं, रिपोर्ट, मीटिंग मला नको, मला मशीनवरच राहायचंय. असं सांगितलं की समोरचे म्हणतात अॅम्बिशन नाही. मुलगा म्हणतो पप्पा खोटं सांगा.

दादा, तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे प्रत्येकाला वर चढायचंच असतं असं धरून चालतात, आणि मग चांगला सेटर सुपरवायझर होतो, दोन वर्षात कंटाळतो, आणि कंपनीचं दोन्हीकडून नुकसान होतं. मी हे तीनदा होताना पाहिलं आणि तिन्ही वेळा प्रमोशनच्या पत्रावर माझी सही होती.

तुमचं ध्येय आहे, फक्त ते सांगताना तुम्ही काय नको ते सांगताय. काय हवंय ते सांगा. नवीन जॉब आला की ड्रॉइंग बघून फिक्स्चर म्हणजे पार्ट पकडायची चौकट कशी लावायची, टूल ऑफसेट कसा घ्यायचा, पहिला पीस क्वालिटीतून पहिल्याच वेळी कसा पास करायचा, सेटिंगचा वेळ किती खाली आणायचा, हे तुम्ही १९ वर्षं करताय. तर सांगा की "पुढच्या पाच वर्षात मला पाच अॅक्सिस मशीन शिकायचंय आणि दोन-तीन पोरांना ऑपरेटरचे सेटर करायचंय, मशीनजवळ उभं राहून. खुर्ची नको." मुलं शिकवायची तुमची तयारी आहे असं मी धरलंय, नसेल तर तेवढं वाक्य काढा, उगाच म्हणू नका.

आणि इंटरव्ह्यू केबिनमधे संपायला आला की एवढं मागून बघा, "साहेब, मशीनवर ट्रायल घ्या." सेफ्टी शूज पिशवीत घालून न्या, ट्रायल लगेच मिळाली तर चपलेमुळे अडायला नको. मात्र जुन्या कंपनीचं ड्रॉइंग किंवा पार्टचा फोटो दाखवायला नेऊ नका, ते त्यांचं आहे, आणि नव्या मालकाला पण ते आवडत नाही. ट्रायलला जो पीस देतील तो करा, मायक्रोमीटर लावा आणि रीडिंग त्यांनाच वाचू द्या.